डोस वाढवण्याआधी सुई टोचताना पाहा: प्राथमिक पातळीवर इन्सुलिनचे उपचार नीट कसे करावेत

साठीच्या आसपासच्या एक मावशी सहा महिने माझ्याकडे येत होत्या आणि दर वेळी त्यांची शुगर अडीचशेच्या पुढेच निघत होती. मी दर वेळी दोन-चार युनिट वाढवली, पथ्याविषयी पुन्हा पुन्हा समजावले आणि एकदा तर "तुम्ही इंजेक्शन चुकवता का?" असे जरा चढ्या आवाजात विचारलेही. त्या गप्प राहिल्या. सातव्या खेपेला आमच्या सिस्टरांनी त्यांना शेजारी बसवून घेतले आणि म्हणाल्या, "मावशी, घरी जसं घेता तसंच मला करून दाखवा." मावशींनी पिशवीतून बाटली काढली, रुमालात गुंडाळलेली सिरिंज काढली, ३६च्या रेघेपर्यंत औषध अगदी नेमके ओढले आणि पोटाला टोचले. त्यांच्या हातून काहीही चुकत नव्हते. बाटलीवर '४० युनिट प्रति मिलिलिटर' असे छापलेले होते आणि सिरिंजचे टोपण मात्र नारिंगी होते.

नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिट प्रति मिलिलिटरच्या इन्सुलिनसाठी असते. तिच्यावरची ३६ची रेघ म्हणजे ०.३६ मिलिलिटर, आणि ४०च्या बाटलीतले तेवढे औषध म्हणजे १४.४ युनिट. रात्रीच्या २४ युनिटांचेही तसेच ९.६ होत होते. मी कागदावर दिवसाला ६० युनिट लिहीत होतो आणि त्यांच्या अंगात २४ जात होती. दुकानात लाल टोपणाची सिरिंज संपली होती, म्हणून जी होती ती त्यांना मिळाली. ती वेगळी आहे हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि मी कधी पाहिले नाही. त्याच दिवशी त्यांच्या हाती बरोबर सिरिंज देऊन मी जुनाच कागद पुढे चालू ठेवला असता, तर एका रात्रीत अडीचपट इन्सुलिन जाऊन मोठा अनर्थ झाला असता. म्हणून आम्ही लाल टोपणाच्या सिरिंजने सकाळी १६ आणि रात्री १० युनिटांपासून पुन्हा सुरुवात केली आणि पुढच्या दोन महिन्यांत हळूहळू २२ आणि १४ वर येऊन थांबलो.

ही नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी, गावोगावचे कौटुंबिक डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासाठी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. एवढ्या लोकांना मधुमेहतज्ज्ञ पुरणे शक्य नाही, त्यामुळे इन्सुलिन सुरू करणे आणि ते नीट चालवणे हे काम आपल्यालाच करायचे आहे. माझा अनुभव असा की, आपल्या पातळीवर इन्सुलिन 'लागू पडत नाही' तेव्हा दोष क्वचितच इन्सुलिनच्या प्रकारात असतो. बहुतेक वेळा तो सिरिंज, कातडी, साठवण किंवा जेवणाची वेळ यांपैकी कशात तरी असतो. रुग्णांनी हे जरूर वाचावे, पण स्वतःच्या डोसमध्ये बदल आपल्या डॉक्टरांशी बोलूनच करावेत.

पहिल्या पाच मिनिटांत काय पाहायचे

इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाला "येताना बाटली किंवा पेन, सिरिंज, ग्लुकोमीटर आणि वही पिशवीत घालून आणा" असे सांगण्याची सवय लावावी. ती पिशवी टेबलावर उघडायला लावली की निम्मे निदान तिथेच होते. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजच्या टोपणाचा रंग जुळतो का ते सर्वांत आधी पाहावे: ४०च्या बाटलीला लाल टोपण, १००च्या बाटलीला नारिंगी. पेनमधली काडतुसे सहसा १०० युनिट प्रति मिलिलिटरची असतात, त्यामुळे पेनमधले औषध लाल टोपणाच्या सिरिंजने कधीही ओढू नये. तसे केले तर अडीचपट डोस जातो. पेन बिघडले की घरातली जुनी सिरिंज वापरून वेळ भागवणारे रुग्ण मी पाहिले आहेत, म्हणून ही सूचना पेन देतानाच द्यावी.

कागदावर लिहिताना आपणही शिस्त पाळावी. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा, कारण आकड्यापुढे घाईत लिहिलेले इंग्रजी 'यू' अक्षर शून्यासारखे दिसते आणि १०चे १०० होतात. इन्सुलिनचे पूर्ण नाव, बाटलीची तीव्रता आणि टोपणाचा रंगही त्याच ओळीत लिहावा. तेवढ्याने औषधदुकानात होणाऱ्या अनेक चुका टळतात.

नंतर कातडी. रुग्णाला आडवे झोपवून पोटावर आणि मांड्यांवर बोटांच्या टोकांनी हळूहळू चाचपावे. नुसते पाहून पुरत नाही. एकाच जागी महिनोन्महिने टोचल्याने कातडीखाली चरबीच्या मऊ किंवा रबरासारख्या गाठी होतात. तिथे टोचले की दुखत नाही, म्हणून रुग्ण नेमका तिथेच टोचत राहतो. गाठीतून इन्सुलिन कधी शोषले जाते, कधी नाही; आज ३०० आणि उद्या ६० अशी शुगर येते आणि डॉक्टर पथ्याला दोष देतात. गाठ सापडली तर तिच्याभोवती पेनाने रेघ मारून ती रुग्णाला आणि घरच्यांना दाखवावी आणि ती जागा काही महिने पूर्ण सोडायला सांगावी. मात्र चांगल्या कातडीत तोच डोस पूर्ण लागू पडतो हे विसरू नये. जागा बदलताना डोस साधारण १० ते २० टक्क्यांनी, गाठी मोठ्या असतील तर त्याहूनही अधिक कमी करावा आणि दोन-तीन दिवस शुगर बारकाईने पाहावी. नाहीतर आपल्याच योग्य सल्ल्याने रुग्णाची शुगर उतरते आणि त्याचा इन्सुलिनवरचा विश्वास उडतो.

शेवटी प्रत्यक्ष टोचणे. मिश्र इन्सुलिन, म्हणजे ३०/७० (३० टक्के साधे आणि ७० टक्के लांब टिकणारे, दुधाळ एनपीएच), दुधाळ असते आणि ठेवल्या ठेवल्या त्याचा साका खाली बसतो. बाटली किंवा पेन दोन्ही तळव्यांत दहा वेळा फिरवावे आणि दहा वेळा अलगद उलटे-सुलटे करावे. जोरजोरात हलवू नये. पेन असेल तर दरवेळी आधी दोन युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाशी थेंब येतो का ते पाहावे, टोचल्यावर बटण दाबून धरून दहा आकडे मोजावेत आणि मगच सुई बाहेर काढावी. चार मिलिमीटरची सुई सरळ टोचता येते. सिरिंजची सुई लांब असते, म्हणून तिच्यासाठी कातडीची चिमूट धरावी. कपड्यावरून टोचणे, सुई पेनला लावूनच ठेवणे आणि एकच सुई महिनाभर वापरणे या तिन्ही गोष्टी विचारल्याशिवाय रुग्ण सांगत नाहीत. एक सुई एकदाच, हे शास्त्र आहे. मजुरी करणाऱ्या घरात ते कठीण पडते, हेही मला ठाऊक आहे. तरीही सुई बोथट झाली की गाठी वाढतात आणि ती दुसऱ्या कोणासाठीही वापरायची नाही, या दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्याच पाहिजेत.

सुरुवात: कोणाला आणि कितीने

टाइप दोनच्या मधुमेहात गोळ्या पुरेशा मात्रेत, नियमाने घेऊनही शुगरची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी ही रक्ततपासणी) उद्दिष्टाच्या वर राहत असेल तर इन्सुलिनचा विचार करावा. काही जणांत मात्र वाट पाहू नये. शुगर ३००च्या वर आणि वजन झपाट्याने उतरलेले, तीन महिन्यांची सरासरी १०च्या वर, पायाला चिघळलेली जखम, गंभीर जंतुसंसर्ग किंवा तोंडावर आलेली शस्त्रक्रिया असेल, तर 'आधी गोळ्या वाढवून पाहू' म्हणणे हे रुग्णाचे नुकसान आहे.

रुग्णाच्या मनात जे असते ते आपण आधी बोलून टाकावे. "इन्सुलिन म्हणजे शेवटचा इलाज", "एकदा लागलं की सुटत नाही", "त्यानंच आमच्या आबांची किडनी गेली" ही वाक्ये घराघरांत आहेत. आबांना इन्सुलिन लागले तेव्हा मूत्रपिंड आधीच बिघडलेले होते आणि इन्सुलिन दहा वर्षे उशिरा सुरू झाले होते, हे शांतपणे समजावले तर लोकांना पटते. जंतुसंसर्ग ओसरल्यावर काहींचे इन्सुलिन थांबतेही, हे सांगावे. पण "तुमचं नक्की सुटेल" असे वचन देऊ नये. आणि पहिले इंजेक्शन आपल्यासमोर, रुग्णाच्याच हाताने घेववावे. सुई टोचल्यावर "एवढंच?" असा जो भाव चेहऱ्यावर उमटतो, त्यापुढे आपल्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानाला किंमत नाही.

उपाशीपोटीची शुगर जास्त आणि दिवसभराची त्या मानाने बरी असेल, तर रात्री एकदाच लांब टिकणारे इन्सुलिन पुरते: एनपीएच झोपताना किंवा ग्लार्जिन रोज ठरलेल्या वेळी, १० युनिट किंवा वजनाच्या दर किलोला ०.१ ते ०.२ युनिट. ग्लार्जिनचा समावेश २०२२च्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत झाला, तरी ग्रामीण भागात हाताशी असते ते बहुधा ३०/७०. ते दोन वेळा द्यायचे असेल तर सकाळी ६ आणि रात्री ६ अशी सावध सुरुवात करावी. स्वस्त मानवी इन्सुलिन देतो म्हणून आपण रुग्णाला कमी दर्जाचे औषध देतो असे मानायचे कारण नाही. वेळा सांभाळल्या तर त्याने उत्तम काम होते. मेटफॉर्मिन चालू ठेवावे, अर्थात मूत्रपिंड साथ देत असेल तर. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड मात्र दोन वेळच्या मिश्र इन्सुलिनबरोबर तसेच पुढे ओढू नये. ते बंद करावे, निदान निम्म्यावर आणावे.

डोस बदलण्याची रीत

सकाळचे ३०/७० दुपार सांभाळते आणि त्याचा निकाल रात्रीच्या जेवणाआधीच्या शुगरमध्ये दिसतो. रात्रीचे ३०/७० रात्र सांभाळते आणि त्याचा निकाल सकाळी उपाशीपोटी दिसतो. म्हणून सकाळची शुगर जास्त आली की सकाळचा डोस वाढवणे ही चूक आहे. ती इतक्या ठिकाणी होते की, मी नव्या सहकाऱ्यांना सर्वांत आधी हेच कागदावर काढून दाखवतो.

रोज चार वेळा बोट टोचून घेणे फार थोड्यांना परवडते. आठवड्याला चार पट्ट्या मिळत असतील, तर दोन उपाशीपोटी आणि दोन रात्रीच्या जेवणाआधी वापराव्यात. डोस ठरवायला तेवढ्या पुरतात. जेवणानंतरची शुगर अधूनमधून पाहावी. बोट टोचण्याआधी हात साध्या पाण्याने धुऊन कोरडे करावेत: गुळाचा किंवा फळाचा अंश बोटाला राहिला तरी आकडा फसवतो. पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच बंद करावे आणि मुदत पाहावी.

उपाशीपोटीचे उद्दिष्ट साधारण ८० ते १३० धरावे. उद्दिष्ट गाठेपर्यंत संबंधित डोस दर तीन दिवसांनी दोन युनिटांनी वाढवता येतो. रुग्ण लांब राहत असेल, एकटा असेल किंवा सत्तरीपुढचा असेल तर आठवड्याने वाढवावा. एका वेळी एकच डोस बदलावा. शुगर एकदाही ७०च्या खाली गेली असेल, तर कारण शोधावे आणि तो डोस १० ते २० टक्क्यांनी कमी करावा. उतरणारी शुगर आधी सावरायची, चढणारी नंतर. आणि केवळ लांब टिकणाऱ्या इन्सुलिनचा डोस वजनाच्या दर किलोला ०.५ युनिटाच्या पुढे गेला, तरी शुगर बसत नसेल, तर तोच डोस ढकलत नेण्यात अर्थ नसतो. अडचण जेवणानंतरच्या शुगरची असते.

रात्रीचा डोस वाढवूनही सकाळची शुगर चढतच असेल, तर मध्यरात्री शुगर उतरते का हे कळण्यासाठी एकदा पहाटे तीनला तपासायला सांगावे. रात्री घामाने कपडे भिजणे, वाईट स्वप्ने पडणे, सकाळी डोके जड होणे यांविषयी घरच्यांना विचारावे, रुग्णाला हे आठवतेच असे नाही.

याउलट इन्सुलिन कमी कमी लागू लागले आणि शुगर आपोआप छान येऊ लागली, तर आनंद मानण्याआधी क्रिएटिनिन करून घ्यावे. मूत्रपिंड मंदावले की इन्सुलिन शरीरात जास्त काळ राहते. "आता माझी शुगर बरी होत चाललीय" असे समाधानाने सांगणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांच्या पायांवरची सूज मी बोटाने दाबून पाहिली, तेव्हा खळगा पडला आणि तसाच राहिला. शुगर अचानक चढली असेल तर गुडघेदुखीसाठी कोणी दिलेल्या पुड्या घेतल्या का, हेही विचारावे. त्यांत स्टेरॉइड असू शकते आणि त्याने विशेषतः दुपारनंतरची शुगर उसळते.

तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, बहुतेकांत ७च्या आत असावी; थकलेल्या, एकट्या राहणाऱ्या किंवा मूत्रपिंड बिघडलेल्या वृद्धांत ८च्या आसपास समाधान मानावे. हा आकडा रक्ताच्या विकारांत फसवतो. लोहाच्या कमतरतेत तो खोटा वाढू शकतो, सिकलसेलमध्ये खोटा उतरू शकतो. गडचिरोली, गोंदिया, नंदुरबार या भागांत काम करणाऱ्यांनी एचबीए१सी आणि ग्लुकोमीटरचे आकडे जुळत नसतील, तर वहीतल्या आकड्यांवर अधिक भर द्यावा.

रुग्णाचे घड्याळ

'सकाळी आणि रात्री जेवणाआधी अर्धा तास' असे आपण सर्वांना लिहून देतो. हे वाक्य नोकरदार घरांत चालते, पण सर्वत्र नाही. साधे आणि मिश्र मानवी इन्सुलिन टोचल्यावर अर्ध्या तासाने काम सुरू करते. त्यातला साधा भाग दोन ते चार तासांत जोरावर येतो आणि दुधाळ भाग चार ते दहा तासांत. सकाळी आठला ३०/७० घेतलेल्या माणसाने दुपारचे जेवण टाळले, तर दुपारी त्याची शुगर उतरणार, त्याची तब्येत कितीही धडधाकट असो. म्हणून इन्सुलिनची वेळ लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: पहिला पोटभर घास किती वाजता, दुपारचे जेवण नक्की होते का, आणि अंगमेहनतीचे काम कोणत्या वेळी.

ऊसतोडीला जाणारी जोडपी पहाटे अंधारात फडात उतरतात आणि त्यांची भाकरी उन्हे चढल्यावर होते. अशा माणसाला पहाटे कोपीत इन्सुलिन घ्यायला सांगणे धोक्याचे आहे; त्याने ते फडातल्या जेवणाच्या अर्धा तास आधीच घ्यावे, आणि कोयता हातात असलेल्या महिन्यांत डोस घरच्यापेक्षा कमी ठेवावा. दिवाळीनंतर टोळी निघते तेव्हा पाच-सहा महिन्यांचा प्रश्न असतो. आशाताईंकडून आधीच यादी करून घ्यावी, शक्य तेवढा साठा द्यावा आणि कारखान्याच्या परिसरातल्या आरोग्य केंद्रासाठी डोस, तीव्रता आणि निदान लिहिलेले पत्र प्रत्येकाच्या हाती द्यावे.

शेतकऱ्यांत वेगळीच अडचण येते. शेतीपंपाची वीज ज्या आठवड्यात रात्री असते, त्या आठवड्यात माणूस जेवून, इन्सुलिन घेऊन पाणी द्यायला जातो आणि मध्यरात्री बांधावर चालत राहतो. रात्रीचा डोस त्या आठवड्यापुरता १० ते २० टक्के कमी करावा, निघण्याआधी काहीतरी खायला सांगावे आणि खिशात ग्लुकोजची पुडी असू द्यावी. शेतात एकटे असताना शुगर उतरली तर हाक मारायला कोणी नसते. आषाढी वारीला पायी जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे: रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त चालणे आणि अनियमित जेवण. निघण्याआधी त्यांची भेट घ्यावी, डोस कमी करून द्यावा आणि तळपायांची तपासणीही त्याच वेळी उरकावी.

उपवासाला सरसकट नाही म्हटले की रुग्ण उपवास करतातच, फक्त आपल्याला सांगत नाहीत. उपवास निर्जळी की फराळाचा, हे विचारावे. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीने शुगर आधी चढते आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत काहीच खाल्ले नाही तर उतरते. वरी, राजगिरा, ताक, शेंगदाणे, थोडे रताळे असे थोड्या थोड्या वेळाने खाल्ले तर बरे. निर्जळी उपवास इन्सुलिनवरच्या माणसाने करू नये, हे मात्र ठामपणे सांगावे. रोजे ठेवायचेच असा ज्यांचा निश्चय असतो आणि ज्यांना धोका कमी आहे, अशांना दोन वेळच्या मिश्र इन्सुलिनमधला सकाळचा नेहमीचा डोस इफ्तारला आणि रात्रीचा डोस २५ ते ५० टक्के कमी करून सहरीला दिला जातो. शुगर ७०च्या खाली गेली की रोजा सोडायचा, हे आधीच ठरवून घ्यावे.

शुगर उतरली तर

हात थरथरणे, घाम, छातीत धडधड, एकदम भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही लक्षणे घरातल्या निदान दोघांना पाठ असावीत. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, ७०च्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढेच द्यावे आणि नंतर भाकरी-भात असे नेहमीचे खाणे द्यावे. पेढा, चॉकलेट किंवा दुधाने वेळ जातो, कारण स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या घेणाऱ्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही, त्यांच्यासाठी ग्लुकोज पावडरच घरात असावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये. कुशीवर वळवून लगेच केंद्रात आणावे. तिथे २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिलिलिटर शिरेतून दिले की माणूस डोळ्यांसमोर उठून बसतो आणि नातेवाईक घरी न्यायची घाई करतात. त्याच्या गोळ्यांमध्ये ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइड असेल, तर ती घाई मान्य करू नये. शुगर पुन्हा उतरते; अशा रुग्णाला २४ तास देखरेखीखाली ठेवावे.

साठवण

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे. घरच्या फ्रीजमध्ये दाराच्या कप्प्यात ठेवावे, बर्फाच्या कप्प्याजवळ कधीही नाही; एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर चांगले दिसले तरी निकामी झालेले असते. वापरात असलेली बाटली ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालते. उघडल्याची तारीख लेबलवर लिहून ठेवावी. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा फ्रीज नसलेल्या घरात काय करायचे, हे आपण सांगितले नाही तर लोक बाटली माठाच्या पाण्यात सोडतात आणि लेबल सुटून येते. मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू भरून त्यात लहान भांडे बसवावे, बाटली झाकणाच्या कोरड्या डबीत घालून आत ठेवावी, वर ओले फडके टाकावे आणि हे सगळे वारा येईल अशा सावलीत ठेवावे. साध्या इन्सुलिनला गढूळपणा आला किंवा दुधाळ इन्सुलिनच्या गुठळ्या काचेला चिकटल्या, तर ती बाटली टाकून द्यावी. केंद्रात इन्सुलिनसाठी वेगळा साधा फ्रीज असावा. आयएलआर हा लसी ठेवायचा खास फ्रीज लसींसाठीच आहे.

मुले, गर्भवती आणि उलट्या

टाइप एकच्या मधुमेहात शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, म्हणून अशा मुलाचे इन्सुलिन कोणत्याही कारणाने, एक दिवसही पूर्ण बंद करायचे नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन मिळाले. त्याआधी अशी मुले उपाशी ठेवून काही महिने जगवली जात. ही गोष्ट मी आईवडिलांना मुद्दाम सांगतो, कारण "आमच्या औषधानं सुई सुटेल" असे सांगणारा कोणी ना कोणी त्यांना भेटणारच असतो. मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन थांबवणे ही सर्वांत घातक चूक आहे. तापात आणि उलट्यांत शुगर चढते आणि कीटोन ही घातक आम्ले रक्तात साचतात. लांब टिकणारे इन्सुलिन चालू ठेवावे, दर तीन-चार तासांनी शुगर पाहावी, पाणी थोडे थोडे पाजत राहावे. उलट्या थांबत नसतील, पोट दुखत असेल, श्वास खोल आणि जोरात चालत असेल किंवा मूल पेंगत असेल, तर सलाईन लावून त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात पाठवावे. गर्भवतींचे इन्सुलिन स्त्रीरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन यांच्या सल्ल्याने ठरवावे; आपले काम शुगर वेळेत ओळखणे आणि आठवड्याचा पाठपुरावा.

नोंद आणि पाठपुरावा

नव्याने इन्सुलिन सुरू केलेल्या रुग्णाला 'महिन्याने या' म्हणू नये. तिसऱ्या दिवशी फोन, सातव्या दिवशी भेट, पुढे डोस बसेपर्यंत पंधरा दिवसांनी, असे वेळापत्रक आम्ही एका साध्या वहीत चालवतो. त्या वहीत प्रत्येक नावापुढे बाटलीची तीव्रता, टोपणाचा रंग, आजचे दोन्ही डोस, शेवटच्या चार शुगर, टोचण्याच्या जागा चाचपल्याची तारीख आणि घरात ग्लुकोज कोण देणार त्याचे नाव एवढे रकाने आहेत. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणवाल्या बाटलीत साठवून आशाताईंकडे किंवा केंद्रात परत द्यायच्या, कचऱ्यात किंवा उकिरड्यावर टाकायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशीच्या फोनवर सिस्टर शुगरचा आकडा नंतर विचारतात, आधी विचारतात, "टोपण कोणत्या रंगाचं आहे, काल किती ओढलं आणि जेवलात किती वाजता?"